नान्योरीचा मऊ घेवडा

नान्योरीला तोंड उघडून हसताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्या मुलाच्या तोंडात बघून. तो दिवस आठवला की मला अजून तिचा राग येतो. राग आला की पाठोपाठ रडूही येतं, म्हणून मी हे सहसा कुणाला सांगत नाही.

ती आमच्या गावची नव्हेच. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, तिथली ती. आम्ही मेरू डोंगराच्या अंगावर, वर राहणारे. आमचे झरे गार, आमची केळी उंच आणि आमचा तोरा त्याहून उंच. खालची माणसं बाजारात बोलायला लागली की ओळखू यायची, कारण त्यांचे दात तपकिरी. काहींच्या दातांना खड्डे पडलेले, काही पोरांचे पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले. आम्ही लहानपणी त्यांना ‘गंजके’ म्हणायचो. तेही काही ऐकून घेणारे नव्हते. “आमचे गंजके असले तरी जागेवर आहेत,” म्हणायचे, “तुमचे पांढरे दात तर शाळेत जायच्या आधीच किडून पडतात!” यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे ऊस दाराशी, आणि चहात साखर घालताना कुणाचा हात आखडत नाही. आमची निम्मी पोरं गाल सुजवून रात्री रडायची.

तर अशा गावात झेफानियाने खालची बायको आणली. तो मोटरसायकलवर केळीचे घड लादून बाजाराला न्यायचा. चर्चच्या गायनस्पर्धेत त्याने नान्योरीला पाहिलं. मागच्या रांगेत उभी राहून ती ओठ जेमतेम हलवत गात होती, आणि तरी तिचाच आवाज वर येत होता. त्याच्या आईने, शिलिया आजीने, घर डोक्यावर घेतलं.

“अख्ख्या डोंगराखाली तुला ही गंजकीच सापडली?”

“आई, पाण्यानं होतं ते. तिचा काय दोष?”

“पाण्यानं म्हणे! शंभर पिढ्या पाणीच पितायत सगळे. रक्तात असतं ते. आईच्या पोटातून पोरात उतरतं. उद्या तुझी पोरं दात विचकतील ना, तेव्हा ये मला पाण्याचं शास्त्र शिकवायला.”

लग्न झालं. लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड हसतंय आणि नवरी ओठ घट्ट मिटून उभी आहे. तिला सवयच होती. बोलतानासुद्धा खांद्यावर पांघरलेल्या रंगीत कांग्याचं टोक तोंडाशी धरायची. मी बालवाडीची बाई, मला सगळ्यांना सुधारायची खोड. एकदा झऱ्यावर मी तिला म्हटलं, “काय गं सारखं तोंड झाकतेस? हसतील त्यांचे दात दिसतील.”

“बाई, तेच तर मला नको असतं,” ती कांग्याआडून म्हणाली. मग कळशी खाली ठेवून तिने पोटावर हात ठेवला. तेव्हा तिला नुकतेच दिवस गेले होते. “हे मात्र झाकणार नाही. बघाच तुम्ही. खालच्या पाण्याचा एक थेंब याच्या पोटात जाऊ देणार नाही. आमची पोरगी दाराच्या बाहेर ऐकू जाईल अशी हसेल.”

तिला मुलगीच हवी होती. झाली. नाव ठेवलं फराजा.

आणि बाईने शब्द पाळला. माहेरी जायची तर वरचं पाणी डब्यात भरून, डब्याला फडकं बांधून न्यायची. पोरीची अंघोळसुद्धा तिथल्या पाण्याने घालायची नाही. तिच्या आईला हे फार लागायचं. लेक घरी येते आणि घरचं पाणी तोंडाला लावत नाही, हे कुठल्या आईला बरं वाटेल? पण ती समजूतदार होती. निघताना लेकीच्या हातात केळीच्या पानाची पुडी द्यायची. “पाणी नको तर नको. हे तरी ने.”

पुडीत मगाडी असायची. खाली तळ्याचं पाणी उन्हात आटलं की काठावर पांढरा खार धरतो, तीच मगाडी. घेवडा शिजताना तिचा एवढासा खडा टाकला की जुनाट, दगडासारखा दाणाही लोण्यासारखा मऊ होतो. खाली लाकूडफाटा कमी, त्यामुळे तिथे कुणाचीच चूल मगाडीवाचून पेटत नाही. आमच्याकडे लाकूड भरपूर. आम्हाला तिची गरज कधी पडली नव्हती. आमचा घेवडा तासन्‌तास रटरटायचा आणि तरी दाताखाली कडक लागायचा, आणि तो तसाच असतो असं आम्ही धरून चाललो होतो.

फराजा रांगायला लागली तेव्हा चर्चने आमच्या बालवाडीत जेवण सुरू केलं. स्वयंपाकाला नान्योरीला घेतलं. मीच शब्द टाकला होता. माझा गादिएल फराजापेक्षा थोडासाच लहान; मी वर्गात असले की तो तिच्या पाठीवर बांधलेला असायचा. एका पोराला पाठीवर, एकीला पायाशी घेऊन ती मका आणि घेवड्याचं मकांदे रटारट ढवळायची. अगदी लहानांसाठी केळी आणि घेवडा एकत्र घोटायची. तिची गावाला एकच अट होती, बालवाडीत वरच्या झऱ्याचं पाणी हवं. त्यासाठी तिने चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या मागे असा काही तगादा लावला की अखेर कंटाळून त्यांनी नळ टाकून दिला.

“माझ्या हाताखाली जेवणारं एकही पोर वाईट पाणी पिणार नाही,” ती म्हणाली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि तिचा घेवडा! पोरं ताटल्या चाटून पुसून परत द्यायची. घरी जाऊन आयांना सांगायची, तुझा घेवडा कडक, नान्योरीचाच चांगला. आया चिडून तिच्याकडे यायच्या आणि जाताना मगाडीचा एक खडा घेऊन जायच्या. ती हौसेने द्यायची. खालच्या बाईकडून काही मागायला वरचे लोक यावेत, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. शिलिया आजी तर सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. म्हातारीच्या तोंडात एक दात उरला नव्हता. “सून गंजकी आहे,” ती चारचौघांत सांगायची, “पण घेवडा शिजवावा तर तिनंच. नुसता जिभेनं दाबला की विरघळतो.”

काही महिने गेले. फराजाला दात आले. शुभ्र, तांदळाच्या दाण्यासारखे. नान्योरी पोरीला कडेवर घेऊन गावभर फिरली. भेटेल त्याला “फराजा, हस बघू” म्हणायची, आणि पोरगी आईला चेव यावा इतकी हसायची. गावातल्या जुन्या बायका मात्र मान हलवायच्या. दुधाचे दात खालच्या पोरांचेही पांढरेच येतात. बघणाऱ्याला फसवतात ते. खरा दात येईपर्यंत काही बोलू नये. मी हे नान्योरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बाई, खालच्या पोरांनी खालचं पाणी प्यायलं होतं. माझी कुठं प्यायलीय?”

एका वर्षी अरुशा शहरातून दातांची एक डॉक्टरीण आली. तिने आमच्या पोरांच्या किडक्या दाढा उपटल्या. बालवाडीच्या अंगणात नुसता आकांत. मग हात धुऊन ती आयांना समजावत बसली. पाण्यात फ्लोराईड नावाचं एक द्रव्य असतं. तुमच्या वरच्या पाण्यात ते नाहीच म्हटलं तरी चालेल, म्हणून त्या गोड खाण्यापुढे पोरांचे दात टिकत नाहीत. खालच्या पाण्यात ते भलतंच जास्त, म्हणून तिथले दात तपकिरी आणि हाडं वाकडी. मधलं प्रमाण असतं तर दोघांचंही भलं झालं असतं. काही देशांत सरकार मोजून-मापून ते पाण्यात घालतं.

शिलिया आजी मागून ओरडली, “मग त्यात काय एवढं! खालच्या नदीची एक बादली आणून आमच्या टाकीत ओता. झालं मोजमाप!”

सगळे खो-खो हसले. डॉक्टरीणही हसली. नान्योरी चुलीपाशी होती; कांग्याआड तीही हसली असावी. मग तिने सगळ्यांना जेवायला वाढलं. डॉक्टरणीने घेवड्याची तारीफ केली, दुसऱ्यांदा मागून घेतला. आज मला तो हशा आठवला की अंगावर काटा येतो. नदीची बादली आणायची गरजच नव्हती. ती रोज दुपारी आमच्याच पातेल्यात येऊन पडत होती, आणि आम्ही ताटल्या पुढे करत होतो.

फराजाची बालवाडी संपली त्या वर्षी पोरांना झगे घालून, टोप्या घालून निरोप दिला. फोटोवाला आला. “हसा!” तो म्हणाला, आणि फराजा अशी हसली की तिचे डोळेच मिटले. नान्योरीने तो फोटो मोठा करून घेतला आणि घरात दारासमोर लावला, आपल्या मिटल्या ओठांच्या लग्नाच्या फोटोशेजारी. घरात शिरणाऱ्याला आधी ते दात दिसायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फराजाचा पुढचा दात हलायला लागला. पडला, तसा तिने तो छपरावर भिरकावला आणि नवीन मागितला. आमच्याकडे सगळी पोरं तसंच करतात. नान्योरीला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. रोज सकाळी ती पोरीला अंगणात उजेडाला घेऊन जायची आणि हिरडी बघायची. मीही जाता-येता विचारायची, “आला का?” “येतोय,” ती म्हणायची. मग एके दिवशी मी विचारलं आणि तिने पोरीचा खालचा ओठ ओढून मला दाखवला.

दात आला होता. वरचं टोक खडूसारखं, त्याखाली तपकिरी पट्टा.

शिलिया आजीने नातीचं तोंड स्वतः उघडून पाहिलं, मग सोडून दिलं. “बोलले होते मी,” ती म्हणाली. आवाज चढवलासुद्धा नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “पाणी, पाणी करत होतीस. डबे वाहिलेस, नळ आणलास. रक्ताला कुठला नळ लावणार? आता पोटातलंही असंच येणार. झेफानिया, बघ आपल्या घराचं काय झालं ते.”

झेफानिया भला माणूस, पण आईपुढे त्याची जीभ रेटायची नाही. तो मोटरसायकल काढून बाहेर गेला.

पुढचे महिने वाईट गेले. नान्योरी पोरीचा दात राखेने घासायची, मग बारीक रेतीने. हिरडीतून रक्त आलं तरी घासायची. एकदा मी तिच्या हातातून चिंधी हिसकावून घेतली. “अगं, दात आहे तो, पातेलं नव्हे!” ती माझ्याकडे बघत राहिली. “बाई, खरंच माझ्यातूनच गेलं असेल का हो? म्हणजे मी कितीही केलं तरी…” तिने पोटाकडे पाहिलं. “हे पण?” मी तिला धीर दिला. पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात म्हातारीचं बोलणं घर करून बसलं होतं. पाणी तर एक थेंबही गेलं नव्हतं. मग दुसरं काय असणार?

फराजा शाळेत जाताना स्वेटरची बाही लांब ओढून घ्यायला लागली. कुणी काही विनोद केला की ती बाही वर जायची. आईचा फोटो आणि पोरगी आता एकमेकींसारख्या दिसायला लागल्या.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. माझी बालवाडीतली पोरं ताटल्या घेऊन ओळीत उभी होती. गादिएल कुंपणापलीकडच्या मोठ्या शाळेतून धावत आला.

“आई, आला! बघ ना, बोटाला लागतो!”

त्याने खालचा ओठ ओढून धरला. मी वाकून पाहिलं. खडूसारखं टोक, आणि त्याखाली तपकिरी पट्टा.

“बघू, बघू,” म्हणत नान्योरी हातात डाव घेऊनच आली. तिने त्याची हनुवटी उजेडाकडे फिरवली. क्षणभर निरखून पाहिलं. आणि हसली. तोंड उघडून, मोठ्याने, कांगा खांद्यावरून घसरला तरी न सावरता. तिचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“रक्त नाही! बाई, रक्त नाही हो! तुम्ही वरच्या, तुमचा नवरा वरचा, सात पिढ्या वरच्या! माझं रक्त याच्यात कुठून येणार? म्हातारीला बोलवा. बोलवा तिला, दाखवा हे!”

मी तिचा हात गादिएलच्या हनुवटीवरून झटकला. “माझ्या पोराचं तोंड नासलंय, आणि तू हसतेस? लाज नाही वाटत?”

“नाही हो, तसं नाही. पण मग हे आलं कुठून? रक्त नाही, पाणी नाही. मग कुठून…”

शेवटचा शब्द तिने हळू म्हटला. ती आता मला विचारत नव्हती. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण डोळे ओळीतल्या पोरांवरून फिरत होते. ती कुंपणाशी गेली आणि दात पडायच्या वयाच्या मुलांना हाका मारायला लागली. ये रे, तोंड उघड. तू ये गं. एकाचा नवा दात पांढऱ्या ठिपक्यांचा, दुसरीचा तपकिरी. आणखी एकाच्या दाताला तर खड्डा. सगळी आमच्या बालवाडीत वाढलेली. एकाच मुलीचे नवे दात मोत्यासारखे होते. तिचं नाव कोन्सोलाता. बापाची बदली झाल्यावर ती नुकतीच मोशी शहरातून आली होती.

“ही माझ्याकडे जेवलेली नाही,” नान्योरी म्हणाली.

ती चुलीपाशी परतली. पातेल्यात बघत उभी राहिली. “पाणी वरचं,” ती स्वतःशीच बोलत होती. “मका वरचा. घेवडा वरचा. केळी वरची. खालचं काय आहे यात?”

मी फळीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि तिनेही पाहिलं. त्यात तिच्या आईने केळीच्या पानात बांधून दिलेल्या पुड्या होत्या.

तिने ते अख्खं पातेलं अंगणात ओतलं. कोंबड्या धावल्या. रिकाम्या ताटल्या घेऊन पोरं भोकाड पसरून रडायला लागली, कारण मऊ घेवडा त्यांच्या डोळ्यांदेखत मातीत गेला होता. मी त्यांना ऊस तोडून दिला. दुसरं होतं काय माझ्यापाशी? रडता रडता ती ऊस चावायला लागली, छान पांढऱ्या दुधाच्या दातांनी. त्या दातांकडे बघवेना मला. त्या हिरड्यांच्या आत काय तयार होऊन बसलं होतं, ते आता आम्हा दोघींना ठाऊक होतं.

डॉक्टरणीला आम्ही निरोप धाडला. ती आली, डब्यातला खडा घेऊन गेली आणि परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. तळ्याकाठच्या खारात तेच द्रव्य ठासून भरलेलं होतं. पाण्यात नसेल इतकं. “मी इथे बसून दोनदा मागून खाल्लं,” ती म्हणाली, “आणि विचारलं नाही हे इतकं मऊ कसं.” नव्या दाताचं आवरण हिरडीच्या आतच, पहिल्या काही वर्षांत बनतं. आपल्याला दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते. पडलेला डाग घासून जात नाही.

“पोटातल्याचं काय?” नान्योरीने विचारलं.

“ते वाचेल. अजून काही बिघडलेलं नाही. जन्मल्यावर या खाराचा कण त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. बस, एवढं केलं तर त्याचे दात पांढरे येतील.”

हे ऐकून ती उठली आणि गावात निघाली. जे जे खडे तिने वाटले होते ते परत मागायला. मी तिच्याबरोबर गेले. मैत्रीण म्हणून नाही. रागानेच गेले, एकही खडा कुठल्याही घरात राहू नये म्हणून. दारोदार ती उभी राहायची आणि तोंड न झाकता सांगायची, “माझ्यामुळे झालं. माझ्या हातानं. मगाडी परत द्या.” कुणी खडा तिच्या अंगावर फेकला. एकीने पोराला ओढत आणून त्याचं तोंड उघडून दाखवलं आणि शिव्या घातल्या. एक जण म्हणाली, “दिलेलं परत मागतेस? लाकूड कोण तोडून देणार आम्हाला, तू?” मी त्या बाईच्या घरात शिरून मगाडीचा डबा उचलून आणला. एरवी कुणाच्या तोंडाला लागायची मला ताकद नसते, पण त्या दिवशी होती.

सगळ्यात शेवटी ती सासूकडे आली. शिलिया आजीने आपल्या चुलीमागून एक पुडी काढून पुढे टाकली. “घे तुझ्या माहेरचा खजिना. अगोदर पाणी, मग खार, उद्या म्हणशील वाऱ्यानं होतं. रक्त मात्र तुझं धुतल्यासारखं!”

“आई, गादिएलचं काय मग? त्याचं रक्त?”

“तो तुझ्या पाठीवर वाढलाय,” म्हातारी म्हणाली. तिच्याकडे सगळ्याला उत्तर होतं.

चर्चने नान्योरीला स्वयंपाकावरून काढलं. कुणी वाईट बोललं नाही, फक्त पुढच्या आठवड्यापासून दुसरी बाई आली, आणि घेवडा पुन्हा कडक झाला. नान्योरीला मुलगा झाला, एलिया. त्याच्या बाबतीत ती वेडीच झाली होती. आपल्या हातचं सोडून त्याला काही द्यायची नाही. पण झेफानियाच्या एकट्याच्या केळ्यांवर घर चालेना. पोर वरचं खायला लागलं तसं तिला कॉफीच्या मळ्यात मजुरीला जावं लागलं. एलिया दिवसभर आजीकडे. निघताना ती त्याचं खाणं स्वतः शिजवून, झाकून ठेवायची.

यंदाच्या ईस्टरला तिने मला जेवायला बोलावलं. पातेलं उलटल्यापासून मी तिच्या घरी गेले नव्हते. गादिएल येणार नाही म्हणाला. तो आता कुठेच जात नाही जिथे हसावं लागेल. मी एकटी गेले. दारासमोर फराजाचा तो फोटो अजून होता. खरी फराजा त्याच्याखाली बसून, बाही ओढून, माझ्याकडे बघत होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

जेवण शिलिया आजीने आपल्या चुलीवर केलं होतं. म्हातारी खुशीत होती. एलियाला मांडीवर घेऊन त्याला भरवत होती. घेवड्याचा दाणा आधी आपल्या हिरड्यांत दाबायचा, मग बोटाने त्याच्या तोंडात. पोर मिटक्या मारत खात होतं.

“मास्तरीण, बघ तर खरं!” तिने त्याचा ओठ वर केला. आत चार दात होते, पांढरेधोप. “बघितलंस? हे माझ्या झेफानियाचं रक्त. पहिलीत तिचं उतरलं, याच्यात आमचं उतरलं. आता बोला म्हणावं खार नि बिर.”

मी घास तोंडात घातला. घेवडा होता. मी चावायच्या आधीच तो जिभेवर विरघळला.

मी नान्योरीकडे पाहिलं. तिचाही हात ताटात थांबला होता. तिने तोंडातला घास गिळला नाही. हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला, बोटाने दाबून पाहिला. मग उठली, सासूच्या मांडीवरून एलियाला उचललं आणि त्याच्या तोंडात बोट घालून जे होतं ते बाहेर काढलं. पोर भुकेने किंचाळलं.

“आई,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाटलं फराजाच बोलली. “मी याला शिजवून ठेवून जाते ते?”

“ते कुत्र्याला. कडक असतं ते. एवढ्याशा पोराच्या पोटात दुखेल.”

“कधीपासून?”

म्हातारी चिडली. नातू हातातून काढून घेतल्याचं तिला लागलं होतं. तिने रिकामे हात पुढे केले, पोर परत मागायला.

“कधीपासून म्हणजे? पहिल्या घासापासून. आजी आहे मी त्याची.”